'नाही' म्हणायला काय लागतं? बाईचं बळ आणि एचआयव्हीपासून बचाव

जानेवारीत नवी मुंबईत कोपरखैरण्यातल्या एका बचत गटाने मला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. तिळगूळ वाटून झाला, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या गेल्या, आणि मग गटाच्या अध्यक्षांनी "आता ताई आरोग्यावर थोडं सांगतील" म्हणून मला उभं केलं. सरकारी चाचणी केंद्रात मी बरीच वर्षं समुपदेशक होते, त्यामुळे एचआयव्ही कशाने होतो आणि कशाने होत नाही हे मला तोंडपाठ आहे. बोलता बोलता पिशवीतून निरोधचं पाकीट काढून दाखवलं. मागे बसलेली एक बाई, तुर्भ्याच्या मार्केटात भाजी निवडायच्या कामाला जाणारी, म्हणाली, "ताई, हे पाकीट माझ्या घरात सापडलं ना, तर सासूबाई पहिलं मलाच विचारतील, कुणासाठी आणलंस म्हणून."

सगळ्याजणी गप्प झाल्या. निरोध कशासाठी असतो ते तिला मी सांगायच्या आधीपासून माहीत होतं. पाकीट घरात आणायचं, ते नवऱ्यापुढे धरायचं, आणि त्याने नको म्हटलं तर "मग मलाही नको" म्हणायचं. या तीन पायऱ्यांपैकी पहिलीच तिला चढता येत नव्हती. एचआयव्ही रोखायचा तर स्त्रियांचं सक्षमीकरण हवं, असं पत्रकांत छापलेलं आपण वाचतो. त्या जड शब्दाचा अर्थ मला तिच्या वाक्यात दिसला, आणि तोच इथे उलगडून सांगायचा आहे. पुढे ज्या बायकांबद्दल लिहिलं आहे, त्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

तीन सल्ले, तिन्ही दुसऱ्याच्या हातात

एड्सचा फैलाव सुरू झाल्यापासून लोकांना जगभर तीन गोष्टी सांगितल्या गेल्या: संयम पाळा, जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, निरोध वापरा. सल्ला खोटा नाही. पण घणसोलीतल्या एखाद्या लग्न झालेल्या बाईच्या जागी बसून तो ऐका. संयम कधी पाळायचा हे बहुतेक घरांत ती ठरवत नाही. एकनिष्ठ ती आहेच, प्रश्न नवऱ्याचा आहे, आणि तो कामाच्या गावी कुणाकडे जातो हे विचारायची तिची टाप नाही. निरोध तर त्याच्याच अंगावर चढायचा असतो. तिने सगळं पाळलं तरी ती सुरक्षित होत नाही.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने तपासले, त्यात तो निघाला. तेव्हापासून 'हा त्या बायकांचा आजार' ही समजूत जी घट्ट बसली ती बसलीच. घरातल्या बाईला वाटलं, आपला याच्याशी काय संबंध? मग पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली. त्यांच्यात देहविक्रय न करणाऱ्या ३९१ जणी होत्या, बहुतेक साध्या संसारी बायका. त्यांतल्या १३.६ टक्के बायकांना एचआयव्हीची लागण झालेली होती. १९९७ साली हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा विषयच विवाहित, एकनिष्ठ स्त्रियांना होणारी लागण हा होता. या बायका मुळातच गुप्तरोगाची तक्रार घेऊन आलेल्या होत्या, त्यामुळे हा आकडा सगळ्या समाजाला लावायचा नाही. पण लग्न आणि पातिव्रत्य विषाणूला अडवत नाही, एवढं त्यातून कळलं, आणि तेही आपल्या पुण्यातून.

आजची परिस्थिती त्या मानाने खूप बरी आहे. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. प्रौढांमधलं प्रमाण साधारण पाचशेत एक. राज्यांमध्ये सर्वांत जास्त रुग्ण महाराष्ट्रात आहेत, आणि देशातल्या दर शंभर रुग्णांत चव्वेचाळीसच्या आसपास स्त्रिया आहेत.

ठाणे-नवी मुंबईचा पट्टा या बाबतीत कायम लक्षात घेतला गेला, कारण इथे माणसं कामासाठी घर सोडून येतात. न्हावाशेवा बंदराचे कंटेनर, कळंबोलीचा लोखंड बाजार, तुर्भ्याचं मार्केट, भिवंडीची गोदामं आणि यंत्रमाग, रबाळे-महापेच्या कंपन्या. महिनोन्महिने घरापासून लांब, एका खोलीत आठ जण, हातात थोडे पैसे आणि बोलायला कुणी नाही, अशी अवस्था कुणाचीही झाली तर तो चुकीच्या ठिकाणी जाऊ शकतो. ट्रकवाल्याला किंवा हमालाला बोल लावून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत काम करणाऱ्याच्या बायकोलाही मी रिपोर्ट हातात देऊन पाणी पाजलं आहे.

शरीराचा भाग

इथे थोडं शरीरशास्त्र सांगावं लागेल, लाजून चालणार नाही. योनीमार्गातून होणाऱ्या एका असुरक्षित संबंधात लागण झालेल्या पुरुषाकडून स्त्रीला विषाणू मिळण्याची शक्यता सरासरी दहा हजारांत आठ धरतात. स्त्रीकडून पुरुषाला मिळण्याची शक्यता त्याच्या निम्मी. स्त्रीच्या अंतर्भागाची नाजूक त्वचा जास्त क्षेत्रात विषाणूच्या संपर्कात येते आणि वीर्य आत बराच वेळ राहतं, म्हणून हा फरक.

दहा हजारांत आठ हा आकडा ऐकून लहान वाटतो, पण ती सरासरी आहे. जोडीदाराला नुकतीच लागण झाली असेल तर त्याच्या रक्तात विषाणू भरमसाठ असतात. दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाची जखम किंवा फोड असेल तर वाट आयतीच उघडी होते. आणि संबंध जबरदस्तीने झाला तर आतून त्वचा फाटते. शेवटची दोन कारणं नीट पाहा. अंगावरून पांढरं जातंय, खाली जखम झाली आहे, हे बाई वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर बोट तिच्याकडेच. आणि जबरदस्ती म्हणजे काय हे तर सांगायलाच नको. तिच्या शरीराचा धोका तिच्या घरातल्या जागेमुळे वाढतो, तो असा. सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाने गुप्तरोगांची मोफत तपासणी आणि औषधं मिळतात. तिथल्या बाकावर बसलेल्या बायकांपैकी किती जणी "मी पोटदुखीसाठी आले" असं सांगून घरातून निघालेल्या असत, ते मी पाहिलं आहे.

नकाराची किंमत

आता मुद्द्याकडे येते. कुठलीही बाई नवऱ्याला "निरोधाशिवाय नको" म्हणते तेव्हा त्या नकाराची तिला किंमत मोजावी लागते. संशय, शिव्या, मार, माहेरी पाठवण्याची धमकी, आणि सगळ्यात शेवटी घराबाहेर काढणं. बाई मूर्ख नसते. ती मनात हिशोब करते: आज नाही म्हटलं तर आज रात्रीच झोपायची पंचाईत, हो म्हटलं तर आजार होईलच असं नाही, झाला तरी दहा वर्षांनी. हा हिशोब चुकीचा आहे असं तिला भाषणातून पटवायला मी कोण? तो तिच्या परिस्थितीत बरोबरच असतो. परिस्थिती बदलली तर हिशोब बदलतो. सक्षमीकरणाचा अर्थ मी एवढाच घेते, की नकाराची किंमत बाईला परवडेल इतकी कमी करायची.

ही किंमत खरोखर कमी होते का? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी सुमारे पाचशे विवाहित स्त्रियांचा अभ्यास करून २००५ साली तो प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावावर घर नाही आणि जमीनही नाही, अशांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचा मार खाल्लेला होता. जमीन नावावर असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर नावावर असलेल्यांत १० टक्के, आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. मला यातला घराचा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. जमिनीपेक्षाही डोक्यावरचं छप्पर तिचं असण्याने जास्त फरक पडला. "निघ माझ्या घरातून" हे वाक्यच तिथे म्हणता येत नाही.

आणि माराचा एचआयव्हीशी संबंध? तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २८ हजारांहून जास्त विवाहित स्त्रियांची माहिती आणि रक्त-तपासणी दोन्ही उपलब्ध होती. २००८ साली तिचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. नवऱ्याकडून शारीरिक आणि लैंगिक दोन्ही प्रकारची हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांत एचआयव्हीचं प्रमाण ०.७३ टक्के होतं, हिंसा न सोसणाऱ्यांत ०.१९ टक्के. जवळजवळ चौपट. थपडेतून विषाणू जात नाही, हे उघड आहे. पुढच्या वर्षी नवरा-बायकोंच्या जोड्यांचा अभ्यास झाला तेव्हा दुवे दिसले: मारझोड करणाऱ्या पुरुषांमध्ये स्वतःलाच लागण असण्याचं प्रमाण जास्त होतं, शिवाय लागण झालेल्या पुरुषांपैकी जे मारझोड करत त्यांच्या बायकांपर्यंत ती पोचण्याचं प्रमाणही जास्त होतं. जो बायकोला मारतो तोच बाहेर धोका पत्करतो, आणि त्याच घरात बायकोला निरोधाचं नाव काढता येत नाही.

त्यामुळे मुद्रांक शुल्काचा नियम मला आरोग्याचा नियम वाटतो. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत घरातल्या बाईचं नाव मालक किंवा सहमालक म्हणून लावावं लागतं. दिघ्याच्या चाळीतली जोडपी घरासाठी अर्ज भरायला जातात तेव्हा "नाव कुणाचं, काय फरक पडतो, घर एकच" असं म्हणतात. फरक पडतो. मी भेटेल तिला सांगते, नाव लावून घ्या.

आणि घर नावावर नसलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला ती नांदते त्या घरात राहायचा हक्क दिला आहे, मग घर नवऱ्याचं असो की भाड्याचं. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरालाही हा हक्क लागू होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. याच कायद्यात लैंगिक छळ हाही हिंसेचा प्रकार धरला आहे. त्यासाठी जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, आणि १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे. एचआयव्हीने नवरा गेल्यावर "आता इथे तुझं काय" म्हणून बाहेर काढलेल्या विधवा मी इतक्या पाहिल्या, की हा एक परिच्छेद तरी प्रत्येक बाईने वहीत उतरवून घ्यावा असं मला वाटतं.

पैसा हाती आला की झालं?

बचत गट काढा, बाईच्या हातात पैसा द्या, की प्रश्न सुटेल असं पुष्कळांना वाटतं. मलाही आधी वाटायचं. गोष्ट तेवढी सरळ नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतातल्या खेड्यांत गरीब बायकांना लहान कर्जं दिली गेली, आणि कर्जाच्या बैठकीतच नवरा-बायकोचं नातं, हिंसा, एचआयव्ही यांवर बोलण्याचे वर्ग घेतले गेले. दोन वर्षांत त्या बायकांवरची जोडीदाराची हिंसा ५५ टक्क्यांनी कमी झाली. २००६ साली हे निष्कर्ष आले. पण गावातल्या एकूण तरुणांमध्ये नवी लागण कमी झालेली दिसली नाही, हेही त्याच अभ्यासाने प्रामाणिकपणे सांगितलं. बाईच्या घरातला बदल गावभर पसरायला दोन वर्षं पुरत नाहीत.

मलावीत झोम्बा भागात शाळकरी वयाच्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडी रोख रक्कम दिली गेली. दीड वर्षानंतर सुरुवातीला शाळेत असलेल्या मुलींपैकी पैसे मिळालेल्यांत एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के होतं, न मिळालेल्यांत ३ टक्के. वयाने मोठ्या, पैसे देणाऱ्या पुरुषांवर त्या कमी अवलंबून राहिल्या. दक्षिण आफ्रिकेत नंतर झालेल्या अशाच एका चाचणीत मात्र पैशाचा फरक पडला नाही. शाळेत टिकलेल्या मुली सुरक्षित राहिल्या, पैसे मिळोत वा न मिळोत. शाळेचं बळ बोट्स्वानातही दिसलं. तिथे १९९६ साली माध्यमिक शिक्षण एका वर्षाने वाढवलं गेलं. त्या वाढीव शिक्षणाचा फायदा मुलग्यांपेक्षा मुलींना जास्त झाला: शिक्षणाचं एक जादा वर्ष म्हणजे लागण होण्याचं प्रमाण शंभरात सुमारे अकरा-बाराने कमी. तिकडे आजार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पसरलेला आहे, म्हणून आकडे इतके मोठे. पण दहावीनंतर पोरीचं शिक्षण सोडवून लग्न उरकायची घाई आपल्याकडेही होते, तेव्हा मला बोट्स्वाना आठवतं.

आणि एक कडू गोष्ट बंगळुरूच्या वस्त्यांमधली. तिथे विवाहित स्त्रियांच्या पाहणीत ज्या बायकांनी नव्याने काम धरलं, त्यांना मार बसण्याची शक्यता वाढली. नवऱ्याला वाटतं, हिचा पाय घराबाहेर पडला, आता ही ऐकणार नाही. म्हणजे पहिला पगार हा धोक्याचा काळ असतो. म्हणून नुसतं कर्ज देऊन गटाचं काम संपत नाही. तिच्यामागे चार बायका उभ्या आहेत हे तिच्या नवऱ्याला दिसावं लागतं, आणि कुणीतरी त्याच्याशीही बोलावं लागतं. मार्केटच्या गाळ्यांवर, ट्रक टर्मिनलवर, कंपनीच्या गेटवर पुरुषांशी बोलणारे पुरुष कार्यकर्ते लागतात. बायकांच्या मेळाव्यात पुरुषांना काय करायला हवं याची भाषणं मी खूप ऐकली, स्वतः दिलीही, पण ज्यांनी ऐकायची ते तिथे नसतात.

लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये ऑगस्ट २०२४ पासून बायकांच्या खात्यात येऊ लागले. मी गटात गेले की एक प्रश्न विचारते: पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाच्या कपाटात असतं? हात वर करायला सांगत नाही. पण कोणाची नजर खाली जाते ते दिसतं.

एकीने नाही म्हटलं तर आणि सगळ्यांनी म्हटलं तर

नकाराची किंमत कशी उतरते, याचा सगळ्यात स्वच्छ धडा ज्या बायकांना समाजाने हलकं मानलं त्यांनी दिला. कोलकात्याच्या सोनागाचीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी काम सुरू केलं. तिथल्या बायकांना निरोधाचं महत्त्व कळत होतं. पण एकीने निरोधाशिवाय नको म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जायचं, आणि हिच्या घरी चूल पेटायची नाही. मग त्याच बायकांमधून कार्यकर्त्या तयार झाल्या, दारोदार फिरल्या, आणि हळूहळू सगळ्या दारांत एकच उत्तर मिळू लागलं. गिऱ्हाइकाला जायला दुसरं दारच उरलं नाही. १९९५ साली त्यांनी 'उषा' नावाची स्वतःची सहकारी पतसंस्था काढली. सावकाराचं कर्ज डोक्यावर नसलं की एक रात्र कमाई बुडाली तरी चालते. आपल्याकडे सांगलीत 'संग्राम' संस्थेच्या कामातून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची 'वॅम्प' ही संघटना १९९६ साली उभी राहिली, तीही याच वाटेने. एकमेकींना निरोध पोचवणं, दवाखान्यात सोबत जाणं, पोलीस ठाण्यात एकीला नेलं की दहाजणींनी जाऊन उभं राहणं.

संसारी बाईची अडचण अशी, की ती चार भिंतींत एकटी असते. शेजारणीने कालच नाही म्हटलं हे तिला कळत नाही. बचत गटाचं खरं मोल मला इथे दिसतं. भिशी, कर्ज, हप्ता हे निमित्त असतं. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीत दहा बायका बसतात, आणि एक दिवस कुणीतरी "आमच्या ह्यांनी ऐकलं बाई" असं सांगते, तेव्हा उरलेल्या नऊ जणींच्या मनातला हिशोब थोडा हलतो.

पहिला रिपोर्ट तिचाच का येतो

घरात एचआयव्ही आहे हे बरेचदा बाईमुळे कळतं, कारण गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच रक्ताची ही चाचणी होते. ही चाचणी फार मोलाची आहे. काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असते. आईला वेळेवर गोळ्या आणि बाळाला औषध दिलं की ती पाचच्या खाली येते. पण नवऱ्याची चाचणी झालेलीच नसते, म्हणून घरात एकच निष्कर्ष निघतो: हिने आणलं. रिपोर्ट घेऊन घरी जाणारी बाई दुसऱ्या दिवशी परत येईल की नाही, हा घोर मला रात्र रात्र असायचा. म्हणून सुरुवातीपासून दोघांनी एकत्र चाचणी करावी असा आग्रह आम्ही धरायचो.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, आणि नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. त्यातली एक तरतूद फारशी कुणाला माहीत नसते. काही अटींवर डॉक्टर किंवा समुपदेशक रुग्णाच्या जोडीदाराला लागणीबद्दल सांगू शकतात. पण सांगितल्याने, विशेषतः बाईच्या बाबतीत, मारहाण होईल किंवा तिला टाकून दिलं जाईल अशी रास्त भीती असेल तर त्यांनी सांगायचं नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी त्या रात्रीचा विचार केला होता, हे वाचून मला बरं वाटलं.

लागण झाली म्हणजे सगळं संपलं, असं आता मुळीच नाही. विषाणूला दाबून ठेवणाऱ्या एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात, आणि २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच सुरू करतात. बहुतेकांना दिवसाला एक गोळी. नीट घेतली तर साधारण सहा महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की चाचणीत सापडत नाही, आणि तो तसाच राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. याचा पहिला भक्कम पुरावा देणारी आंतरराष्ट्रीय चाचणी पुणे आणि चेन्नईतही झाली होती. २०११ साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा लवकर उपचारांनी जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटलेली होती. पण गोळी रोज घ्यायला घरात जागा लागते. एक बाई तांदळाच्या डब्यात गोळ्या पुरून ठेवायची. दुसरीने व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या होत्या. सासू घरात असली की त्या दिवशीची गोळी चुकायची.

बाईला स्वतःच्या हाताने वापरता येईल असं साधन हवं, हा शोध बराच काळ चालू आहे. स्त्रियांसाठीचा निरोध आहे, पण तो नवऱ्याला दिसतोच. आफ्रिकेत लागण टाळणाऱ्या गोळ्या आणि जेल यांची एक मोठी चाचणी फसली, कारण बहुतेक बायकांच्या रक्तात औषधच सापडलं नाही. त्यांनी ते घेतलंच नव्हतं. जोडीदार काय म्हणेल, शेजारी काय समजतील, ही भीती त्यामागच्या कारणांत होती. औषध चांगलं, पण डबी लपवायची कुठे? लागण टाळणारं लेनाकापाविर हे नवं इंजेक्शन वर्षातून दोनदा घ्यायचं असतं. २०२४ साली दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ तरुण मुली-स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याची तयारी दोन भारतीय कंपन्यांनी जाहीर केली आहे. घरात डबी नाही, पाकीट नाही. कोपरखैरण्याच्या त्या बाईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाळंतपणानंतरच्या इंजेक्शनासारखं." हो, अगदी तसंच.

तोवर हाताशी आहे ते सांगते. चाचणी सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांतल्या आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात, मगच रक्त घेतात. नुकताच धोका झाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात, कारण सुरुवातीच्या काळात लागण चाचणीत दिसत नाही. बलात्कार झाला असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायचं. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येते, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही.

हळदीकुंकवानंतर दोन-तीन महिन्यांनी त्या गटातल्या पाचजणी मिळून चाचणीला गेल्या. मार्केटची सुट्टी बघून दिवस ठरवला होता. घरी सांगितलं, गटाचं बँकेचं काम आहे. केंद्रातल्या मुलीने विचारलं, नक्की कुणाची करायची आहे? गटाच्या अध्यक्ष म्हणाल्या, "पाचहीजणींची करा." त्यांच्यापैकी एकीलाच ती हवी होती. कुणाला, ते बाहेर बाकावर बसलेल्या कुणालाच कळू नये, म्हणून बाकीच्या चौघींनी हात पुढे केले होते.